‘टर्न’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

पाचवीच्या एका वर्गात फळ्यावर शब्दार्थ लिहिले होते. त्यांत ‘टर्न – वळणे’ असा एक शब्दार्थ होता व मुलांनी तो वहीत उतरून घेऊन पाठही केला होता. पुढे वाचनात ‘द मिल्क टर्न्ड सावर’ हे वाक्य आले. एका मुलीने त्याचे मराठी ‘दूध आंबटाकडे वळले’ असे केले. वर्ग हसला. गुरुजींनी ‘दूध नासले’ असे उत्तर सांगून पुढचे वाक्य घेतले. खाली बसता बसता ती मुलगी म्हणाली, “पण गुरुजी, टर्न म्हणजे वळणेच ना?” त्या प्रश्नाचे उत्तर त्या तासात तिला मिळाले नाही.

वास्तविक चूक मुलीची नव्हती. फळ्यावर जे लिहून दिले होते, त्याचाच तिने प्रामाणिकपणे उपयोग केला होता. एका इंग्रजी क्रियापदासमोर एकच मराठी क्रियापद लिहून द्यावयाचे व काम झाले असे मानावयाचे, ह्या पद्धतीतच दोष आहे. आणि ‘टर्न’सारख्या क्रियापदाच्या बाबतीत तो दोष विशेष जाणवतो. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे इंग्रजीचा विशेष अभ्यास नसलेल्या शिक्षकासही हा विषय हाती घ्यावा लागतो. ‘टर्न’ हा शब्द तर प्रारंभीच भेटतो. कवायतीत, खेळात, पुस्तक उघडण्याच्या सूचनेत, सर्वत्र तो आहे. तो शब्द लहान आहे म्हणून तो सोपा आहे, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये.

प्रथम ह्या शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘टॉर्नुस’ म्हणजे लाकूड फिरते ठेवून त्यास आकार देण्याचे कातकाम्याचे यंत्र. हा शब्द लॅटिनने ग्रीक भाषेतून घेतला. त्या यंत्रावर लाकूड कातणे ह्या अर्थाच्या ‘टॉर्नारे’ ह्या लॅटिन क्रियापदापासून इंग्रजीतील ‘टर्न’ आला; काही अंशी जुन्या इंग्रजीतूनच व काही अंशी फ्रेंच भाषेच्या द्वारा. आपल्याकडे हे काम कातारी करतो. घरातले लाटणे, मुलांचा भोवरा, जुन्या वाड्यांतील कातीव खांब आणि सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी ही ह्या कारागिरीची ओळखीची उदाहरणे होत. गावातील मुले दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘टर्नर’चा अभ्यासक्रम घेतात, तो टर्नर म्हणजे लोखंडाचा कातारीच. इंग्रजांत ‘टर्नर’ हे आडनावही आहे, जसे आपल्याकडे सुतार किंवा लोहार. भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश रचणारे व मराठीतील स्वराघातावर सन १९१६ मध्ये निबंध लिहिणारे राल्फ टर्नर (१८८८–१९८३) ह्यांचे आडनाव हेच.

हे मूळ ध्यानात ठेवण्याचे कारण असे की, कातारीच्या यंत्रावर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. लाकूड स्वतःभोवती फिरते, आणि फिरता फिरता त्याचे रूप पालटते. ओबडधोबड ठोकळ्याचा भोवरा होतो. ‘टर्न’च्या अर्थाचा सारा विस्तार ह्या दोन गोष्टींच्या पोटात आहे: दिशा किंवा बाजू बदलणे, आणि रूप किंवा स्थिती बदलणे. मराठीने ही कामे निरनिराळ्या क्रियापदांकडे सोपविली आहेत. वळणे, वळविणे, फिरणे, फिरविणे, उलटणे, पालटणे, होणे, पडणे, निघणे. ह्यांतील कोणते घ्यावयाचे हे ‘टर्न’ ह्या एकट्या शब्दावरून कळत नाही. ते कळते त्याच्या मागेपुढे काय आहे त्यावरून. म्हणून मुलांना ‘टर्न म्हणजे काय’ असे न विचारता ‘टर्नच्या पुढे काय आले आहे’ असे विचारावे.

पुढे काहीच नाही, किंवा नुसती दिशा आहे, तर अर्थ ‘वळणे’. ‘टर्न लेफ्ट’ म्हणजे डावीकडे वळ. कवायतीच्या तासाला ह्याचा सराव आपोआप होतो. ‘द कार्ट टर्न्ड’ म्हणजे गाडी वळली. परंतु ‘द कार्टमॅन टर्न्ड द बुलक्स’ ह्यात क्रियापदापुढे कर्म आहे. म्हणून गाडीवानाने बैल वळविले. मराठीत ‘वळणे’ व ‘वळविणे’ अशी दोन रूपे झाली, इंग्रजीत ‘टर्न्ड’ हे एकच रूप दोन्हीकडे राहिले. मराठी मुलाला अकर्मक-सकर्मक हा भेद क्रियापदाच्या रूपातच ऐकू येण्याची सवय असते. इंग्रजीत तो भेद कर्माच्या असण्यानसण्यावर ओळखावा लागतो. ही एक गोष्ट नीट समजली तर ‘टर्न’चेच नव्हे, तर ‘ओपन’, ‘ब्रेक’, ‘मूव्ह’ ह्या क्रियापदांचेही कोडे सुटते.

वळणे आणि फिरणे ह्यांत मात्र मुलांची गफलत होते, आणि ती दोन्ही दिशांनी होते. चाक फिरते, किल्ली फिरवितात, रहाट फिरतो. येथे ‘टर्न’ योग्य आहे. पण मराठीत आपण जत्रेतही फिरतो आणि शेतातही फिरतो. ह्या ‘फिरण्या’साठी ‘वुई टर्न्ड इन द फेअर’ असे लिहिणारी मुले अनेक शाळांत आढळतात. तेथे ‘वॉक्ड अबाउट’ पाहिजे. पृथ्वीचे उदाहरण ह्यासाठी फार उपयोगी आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते. मराठी बोलण्यात दोन्हीकडे ‘फिरते’. इंग्रजीत आसाभोवती फिरण्यास ‘टर्न्स’ म्हणता येते. सूर्याभोवती फिरण्यास ‘गोज राउंड’ किंवा ‘मूव्ह्ज राउंड’ म्हणावे. भूगोलाच्या तासाला परिवलन व परिभ्रमण हा भेद शिकविताना इंग्रजीचे हे काम तेथेच उरकून घेता येते. भोवरा मात्र कातून तयार होत असला, तरी फिरताना तो ‘टर्न’ होत नाही, तो ‘स्पिन’ होतो. गती जलद असली की इंग्रजी भाषा शब्द बदलते.

मराठी ‘वळणे’चाही स्वतःचा पसारा मोठा आहे. आई लाडू वळते, आजी वाती वळते, कोणी दोरी वळतो, कोणी गुरे वळतो. ह्यांपैकी एकाही ठिकाणी ‘टर्न’ चालत नाही. लाडू ‘मेक’ करतात, वाती ‘रोल’ करतात, दोर ‘ट्विस्ट’ करतात आणि गुरे राखणे ह्यास ‘टेंड’ असा शब्द आहे. ‘माय मदर टर्न्स लाडूज’ असे वाक्य वहीत आले तर लाल रेघ ओढण्यापूर्वी मूल तेथवर कसे पोचले हे शिक्षकाने पाहावे. फळ्यावरील ‘टर्न – वळणे’ हीच त्याची वाट होती.

आता वाचनातील व परीक्षेतील सूचना. ‘टर्न द पेज’ म्हणजे पान उलटा. ‘टर्न टू पेज टेन’ म्हणजे दहावे पान काढा. ते ऐकून बोट लावून एकेक करीत दहा पाने उलटणारी मुले असतात, आणि त्यांची समजूत तर्काला धरूनच असते. येथे ‘टू’ हा लहानसा शब्द अर्थ फिरवितो, हे एकदा प्रत्यक्ष पुस्तक हातात घेऊन दाखवावे. ‘टर्न ओव्हर’ म्हणजे पालथे करणे, दुसरी बाजू वर आणणे. प्रश्नपत्रिकेच्या तळाशी ‘पी. टी. ओ.’ अशी अक्षरे असतात. त्यांचा विस्तार ‘प्लीज टर्न ओव्हर’ असा आहे. सरकारी कागदावर आपण ‘कृ. मा. प.’ म्हणजे कृपया मागे पाहा असे लिहितो, तेच हे. ही तीन अक्षरे न कळल्यामुळे पाठीमागचे सर्व प्रश्न कोरे ठेवून उत्तरपत्रिका देणारे मूल ज्या शिक्षकाने पाहिले असेल, त्याला ह्या शब्दाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. त्या मुलाला विषय येत होता. त्याला पान उलटावयास सांगितले आहे, एवढेच कळले नव्हते.

दुधाच्या वाक्याकडे आता वळू. ‘टर्न’च्या पुढे विशेषण आले की तेथे वळणे संपले, फिरणे संपले, अर्थ ‘होणे’ असा झाला. ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’, पाने पिवळी पडली. ‘हिज हेअर टर्न्ड ग्रे’, त्याचे केस पिकले. ‘द मिल्क टर्न्ड सावर’, दूध आंबट झाले किंवा नासले. मराठीची रीत येथे पाहण्यासारखी आहे: पाने ‘पडतात’, केस ‘पिकतात’, दूध ‘नासते’. प्रत्येक वस्तूच्या बदलाला मराठीने स्वतंत्र क्रियापद दिले आहे, इंग्रजीने ती सर्व कामे एका ‘टर्न’कडून करून घेतली. तेव्हा भाषांतर करताना मुलाने आपल्या घरात त्या वस्तूबद्दल जे बोलतात तेच लिहावे. ‘केस करडे वळले’ असे कोणतीही आजी म्हणत नाही.

‘बिकम’ आणि ‘टर्न’ ह्यांत फरक काय, असा प्रश्न शिक्षकांकडून नेहमी येतो. ‘बिकम’ सर्वत्र चालते. ‘टर्न’ मुख्यत्वे रंग, हवामान, चव, अशा डोळ्यांना किंवा जिभेला जाणवणाऱ्या पालटासाठी वापरतात. पुढे नाम असेल तर विशेष जपावे. ‘ही बिकेम अ टीचर’ हे बरोबर. ‘ही टर्न्ड अ टीचर’ हे चूक. ‘ही टर्न्ड ट्रेटर’, तो फितूर झाला, अशा वाक्यात नाम येते, पण त्याच्या आधीचे ‘अ’ गळते, आणि पूर्वीची बाजू सोडून निराळाच झाला असा भाव त्यात असतो. एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूत रूपांतर सांगावयाचे असेल तर ‘टर्न इन्टू’: ‘वॉटर टर्न्स इन्टू स्टीम’, पाण्याची वाफ होते. परीकथांत बेडकाचा राजपुत्र होतो तोही ह्याच रीतीने.

वयाच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे व ती शाळेच्या दाखल्याशी जवळची आहे. ‘शी हॅज टर्न्ड टेन’ म्हणजे तिला दहा वर्षे पूर्ण झाली. ‘तिला दहावे लागले’ असा अर्थ केला तर एका वर्षाची चूक होते, कारण दहावे लागते तेव्हा नऊच पूर्ण झालेली असतात. ‘तिला अकरावे लागले’ असे म्हटले तर ते बरोबर होईल. घड्याळाचेही तसेच: ‘इट हॅज जस्ट टर्न्ड टेन’, नुकतेच दहा वाजून गेले.

ह्यापुढील भाग मुलांना सर्वांत अवघड जातो. ‘टर्न’ला ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ असे लहान शब्द चिकटले की अर्थ दूर जातो. पाठांतराने हे साधत नाही, पण एखादी वस्तू समोर ठेवली तर पुष्कळ साधते. ज्या घरी जुना कंदील शिल्लक असेल तो वर्गात आणवावा. त्याच्या बाजूची चकती फिरविली की वात वर येते व उजेड वाढतो: ‘टर्न अप द लॅम्प’. उलट फिरविली की वात खाली जाते: ‘टर्न डाउन द लॅम्प’. फिरविणे आणि वर जाणे ह्या दोन्ही क्रिया मुलांना दिसतात, आणि त्या दोन शब्दांची जोडी का पडली हे सांगावे लागत नाही. तेथून रेडिओचा आवाज ‘टर्न अप’ किंवा ‘टर्न डाउन’ करण्यापर्यंत एकच पाऊल आहे. ‘टर्न ऑन’ व ‘टर्न ऑफ’ ह्यांसाठी नळाची तोटी घ्यावी. ती खरोखरच फिरवावी लागते. विजेच्या दिव्याचे बटण आज फिरवीत नाहीत, दाबतात; तरी शब्द ‘टर्न ऑन’ हाच राहिला. ह्यात नवल नाही. विजेच्या दिव्याला ज्योत नसते, तरी आपण तो ‘लावतो’ आणि ‘मालवितो’; तेलाच्या दिव्याची क्रियापदे आपणही सोडलेली नाहीत.

काही जोड्यांत मात्र वस्तू दाखवून भागत नाही. ‘टर्न डाउन’ म्हणजे विनंती नाकारणे हाही अर्थ आहे. बदलीचा अर्ज ‘टर्न्ड डाउन’ झाला, हे उदाहरण शिक्षकांच्या स्मरणात चटकन राहील. ‘टर्न अप’ म्हणजे अवचित उगवणे, किंवा हरवलेली वस्तू सापडणे: खडूंची पेटी कपाटामागे ‘टर्न्ड अप’. ‘टर्न अवे’ म्हणजे दारातून परत लावणे. ‘टर्न टू’च्या पुढे माणूस आला तर मदतीसाठी त्याच्याकडे धाव घेणे.

‘टर्न आउट’साठी मराठीत अगदी जोडीचा शब्द आहे आणि तो आहे ‘निघणे’. आंबा आंबट निघाला, मुलगा प्रामाणिक निघाला, बातमी खोटी निघाली. तिन्ही ठिकाणी ‘टर्न्ड आउट’. आता ही दोन वाक्ये शेजारी शेजारी फळ्यावर लिहावीत: ‘द मिल्क टर्न्ड सावर’ आणि ‘द मँगो टर्न्ड आउट सावर’. दूध आधी गोड होते, मग बिघडले. आंबा पहिल्यापासून आंबटच होता, कापल्यावर आपल्याला कळले. पहिल्या वाक्यात वस्तू बदलली, दुसऱ्यात आपली समजूत बदलली. चौथी-पाचवीच्या मुलांना हा भेद कळत नाही असे कोणास वाटेल. पण आंब्याचे उदाहरण दिले की तो त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

वाक्प्रचारांच्या बाबतीत दोन्ही भाषा कधी हातात हात घालून चालतात, तर कधी फसवितात. पाठ फिरविणे, तोंड फिरविणे ह्यांस ‘टर्न’ जसाच्या तसा लागू पडतो. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ ह्यास आपण काणाडोळा करणे म्हणतो. ‘काणा’ म्हणजे एका डोळ्याने अंध, हे ध्यानात आले की दोन्ही भाषांची कल्पना किती जवळ आहे हे दिसते. परंतु शब्द फिरविणे ह्यास ‘टर्न द वर्ड’ म्हणू नये. तेथे ‘गो बॅक ऑन’ असे म्हणतात. आणि ‘डोके फिरणे’ तर फारच सांभाळावे. स्तुतीने एखाद्याचे ‘हेड टर्न’ झाले, असे इंग्रजी वाक्य असेल तर तो वेडा झाला किंवा रागावला असे नव्हे, तर तो हुरळून गेला, त्याला गर्व चढला.

‘टर्न’ हे नामही आहे. रस्त्याचे वळण तर आहेच. आपण बोलताना ‘पुढच्या टर्निंगला उतरा’ म्हणतो; इंग्रजीत ‘टर्निंग’ म्हणजे मुख्य रस्त्यावरून फुटणारा दुसरा रस्ता, आणि नुसत्या वाकणास ‘बेंड’ म्हणतात. पण वर्गात नामाचा खरा उपयोग ‘पाळी’ ह्या अर्थी आहे. नळावर किंवा रेशनच्या दुकानात आपण ‘माझा नंबर आला’ म्हणतो, म्हणून मुले ‘माय नंबर हॅज कम’ असे बोलतात. ‘इट इज माय टर्न’ हे वाक्य खेळाच्या मैदानावर रोज दहा वेळा म्हणता येते व त्यासाठी पुस्तक लागत नाही. ‘टेक टर्न्स’ म्हणजे पाळीपाळीने करा.

उच्चाराविषयी थोडेसेच. भूतकाळी रूप ‘टर्न्ड’ असे एका श्वासात उच्चारावे, ‘टर्नेड’ नव्हे. ‘बर्न’ची ‘बर्न्ड’ व ‘बर्न्ट’ अशी दोन रूपे होतात, पण ‘टर्न’चे ‘टर्न्ट’ होत नाही.

शब्दार्थांच्या यादीत ‘टर्न’ समोर एक शब्द न लिहिता चार वाक्ये लिहावीत: एक नुसत्या दिशेचे, एक कर्माचे, एक विशेषणाचे आणि एक ‘टर्न आउट’चे. उत्तरे तपासताना अर्थ बरोबर असेल तर मुलाचे घरचे क्रियापद मान्य करावे. दुधाच्या वाक्याला ‘दूध आंबट झाले’, ‘दूध नासले’, ‘दूध बिघडले’ ही तिन्ही उत्तरे पूर्ण गुणांची आहेत. ‘दूध फाटले’ असे आले तर त्या मुलाशी थोडे बोलावे. तापविताना फाटणे ह्यास इंग्रजीत ‘कर्डल’ असा निराळा शब्द आहे, पण पुष्कळ घरांत नासणे आणि फाटणे ह्यांत फरक करीत नाहीत.